आजी वखारीच्या मोर्चात, आई बचत गटात, आता सगळ्या पक्षाच्या मेळाव्यात: बायकांची चळवळ गेली कुठं?

निपाणीजवळच्या गावातली, सध्या बेळगावात एम.ए. करणारी एक मुलगी विचारते आहे. तिची आजी १९८० च्या सुमारास तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या मोर्चात होती. आई वीस वर्षं गावातल्या बचत गटाचा, म्हणजे स्त्रीशक्ती संघाचा, हिशेब लिहिते. आणि गेल्या निवडणुकीत त्याच संघाच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून एका पक्षाच्या हळदीकुंकवाला गेल्या. तिचा प्रश्न सरळ आहे: चळवळ संपली, विकली गेली, की ती पहिल्यापासून अशीच होती?

मी १९८४ पासून निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि खानापूर या पट्ट्यात बायकांबरोबर काम करते आहे. तुझ्या आजीचा मोर्चा मी पाहिला नाही, पण त्या मोर्चातल्या बायकांनीच मला काम शिकवलं. म्हणून जरा लांबून सांगते.

बायकांची संघटना कोणत्या राजकारणाकडे वळली हे समजायचं असेल तर आधी एक गोष्ट बघ. त्या काळात बायकांना मागायचं कुणाकडं होतं? समोर वखारीचा मालक होता तेव्हा युनियन झाली. समोर देवळाची रीत आणि गाव उभा राहिला तेव्हा परिषदा भरल्या, कायदे आले. देणारं सरकार झालं तेव्हा पक्ष आला. समोरचा बदलला की मागणीची भाषा बदलते आणि पुढं कोण उभं राहायचं तेही बदलतं.

तुझ्या आजीच्या वेळचं काम असं होतं. पानापासून काडी वेगळी करायची, कुटायचं, चाळायचं. खकाणा एवढा, की नाकातोंडाला पदर बांधूनही रात्री खोकल्यानं झोप लागायची नाही. हजेरी दिवाणजीच्या हातात. कुणाला उद्या कामावर घ्यायचं आणि कुणाला नाही हे तोच ठरवणार. तरण्या पोरींना त्याची किंमत कशी मोजावी लागायची हे म्हाताऱ्या बायका आजही आवाज उतरवून सांगतात. चिकोडी तालुका कामगार महासंघानं सुभाष जोशींच्या पुढाकारानं या बायकांना एकत्र आणलं. बंगळूरच्या बायकांच्या एका चित्रपट गटानं निपाणीला येऊन त्यांच्यावर १९८२ मध्ये माहितीपटही केला. मजुरी, बोनस, कामाचे तास, चांगली वागणूक, या त्यांच्या मागण्या होत्या. बाकीच्या तू वाचल्या असशील, पण एक कुठं लिहिलेली नसते: वखारीत बाईला नावानं हाक मारावी. 'ए' म्हणून नव्हे. मला ती सगळ्यात मोठी वाटते.

त्याच गावात १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. रस्त्यावर आंदोलननगर वसलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ जण गेले. शेतकऱ्याला भाव हवा होता, वखारीतल्या बाईला मजुरी. दोघांच्या समोर व्यापारी एकच. तरी ही दोन आंदोलनं एक झाली नाहीत. शेतकऱ्याच्या बायकोनं रस्त्यावर भाकरी पोचवली, आणि सुगीला त्याच शेतात राबणारी बाई वखारीच्या दारात वेगळी उभी राहिली. आज निपाणीत १९८१ म्हटलं की लोकांना शेतकऱ्यांचा रास्ता रोको आठवतो. वखारीतल्या बायकांचं नाव काढावं लागतं, ते आपसूक निघत नाही. शेतकरी बायकांची स्वतंत्र ताकद पुढं १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला भरलेल्या अधिवेशनात दिसली. पण त्या वाटेवर आपल्या सीमाभागातल्या मजूर बायका फारशा नव्हत्या.

आता तुझ्या मनातली आजीची प्रतिमा थोडी हलवते, राग मानू नकोस. तो काळ सोन्याचा नव्हता. माइक बहुतेक वेळा पुरुषांच्या हातात होता. एका जुन्या कामगार मावशींना मी विचारलं होतं, सभेत तुम्ही काय बोलायचात? त्या म्हणाल्या, "म्या कुठलं बोलतो? साहेब बोलायचं, आमी टाळ्या वाजवायचो. पर मालकाच्या दारात आमीच गेल्तो, साहेब न्हाई." (आपल्या भागात बाई सुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणते हे तुला माहीत आहेच. बेळगावच्या वर्गात कुणी त्यावर हसलं तर हसू दे, तू बोलणं बदलू नकोस.) दारात जाणारी बाई आणि बोलणारा पुरुष ही वाटणी त्या चळवळीत होती, आणि पुढं जे बदललं त्यातलं बरंच या वाटणीवरच बदललं.

देवदासींच्या प्रश्नात ते सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून इथं थोडी थांबते. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुलगी सोडायची रीत निपाणी-संकेश्वरपासून गडहिंग्लज-मिरजेपर्यंत दोन्ही राज्यांत होती. डोक्यात जट आली, घरात आजार आला, मुलगा नाही झाला, की मुलीच्या गळ्यात लाल-पांढरे मणी. मुंबई इलाख्यात १९३४ मध्येच याविरुद्ध कायदा झाला होता, आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. कायदा कागदावर राहिला. १९७५ मध्ये गडहिंग्लजला फुल्यांच्या विचाराच्या कार्यकर्त्यांनी देवदासींची परिषद भरवली, बाबा आढावांनी हा प्रश्न महाराष्ट्रभर नेला. कर्नाटकानं १९८२ मध्ये नवा कायदा केला. त्यात मुलगी सोडणाऱ्या आईबापाला जास्त कडक शिक्षा आहे.

मी सुरुवातीला त्याच हवेत काम केलं. जट कापायची, मुलांना वसतिगृहात घालायचं, सौंदत्तीच्या पौर्णिमेला बसस्टँडवर पत्रकं वाटायची. मनापासून केलं. पण आमच्या सभेत देवदासी बाई व्यासपीठावर बसायची ती 'उद्धार झालेली' म्हणून. तिला काय हवं हे आम्ही तिला विचारत नव्हतो, सांगत होतो. १९८९ च्या सुमाराला हुक्केरी तालुक्यात एक जोगतीण, म्हणजे देवीला सोडलेली बाई, मला म्हणाली, "ताई, तुमी आमच्या आईला जेलात घालणार, आणि मग आमाला कोण जेवाय घालणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो प्रश्न मी नंतर कित्येक वर्षं डोक्यात घेऊन फिरले.

मग १९९७ मध्ये घटप्रभेला माजी देवदासींची स्वतःची संस्था उभी राहिली, 'मास'. त्या संस्थेत वर्षानुवर्षं काम केलेल्या चिकोडी तालुक्यातल्या सीतव्वा जोडट्टींना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा रस्ता असा, की ही प्रथा बंद झाली पाहिजे आणि ती आम्ही बंद करू, आम्हाला बाहेरून कुणी सोडवायला नको. त्याच सुमाराला, १९९६ मध्ये, सांगलीकडं वेश्याव्यवसायातल्या बायकांनी 'व्हॅम्प' ही संघटना केली. तिचं काम निपाणीपर्यंत पसरलं. त्यांचं म्हणणं वेगळंच: आम्हाला वाचवू नका, आम्हाला मारू नका, आमच्या घरावर धाडी घालू नका, आमच्या मुलांना शाळेत नीट वागवा. मी एक घर जवळून पाहिलं आहे, तिथं दोघी बहिणींपैकी एक एका संघटनेत आणि एक दुसरीत. दोघी रात्री एकाच चुलीवर जेवायच्या. कोणती 'खरी' स्त्रीचळवळ हे परिसंवादात विचारलं जातं, त्या घरात तो प्रश्न आला नाही. माझं मत विचारशील तर प्रथा बंद करण्याच्या बाजूनं मी पूर्ण आहे. तरी त्या दुसऱ्या बहिणीनं मला जे शिकवलं ते पहिलीनं शिकवलं नसतं.

२०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळानं देवदासींबद्दल नवं विधेयक मंजूर केलं. त्यात देवदासीच्या मुलांच्या हक्काचा विचार आहे, बापाच्या नावाची सक्ती नको हा मुद्दा आहे. १९८२ चा कायदा बघ आणि हा बघ. पहिल्यात आरोपी कोण हे ठरवलंय. दुसऱ्यात शाळेच्या दाखल्यावर नाव लिहिणारं पोर दिसतंय. त्या पोरांच्या आयांनी वीस-पंचवीस वर्षं कचेऱ्यांतून हेलपाटे घातले, त्यांचं बोट या बदलात आहे.

पंचायतीचं थोडक्यात सांगते. सगळे ७३ व्या घटनादुरुस्तीपासून सुरू करतात, पण कर्नाटकात त्याआधीच, १९८७ च्या निवडणुकांत, जिल्हा परिषद आणि मंडल पंचायतीत बायकांना २५ टक्के जागा होत्या. १९९३ नंतर एक तृतीयांश झाल्या, २०१० मध्ये निम्म्या. सुरुवातीला नवऱ्याच्या जागी बायको उभी राहायची आणि सह्या नवरा सांगेल तिथं करायची. ते खोटं नाही. पण दुसऱ्यांदा निवडून आलेली बाई वेगळी असते. पहिल्या पाच वर्षांत तिनं पीडीओची, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याची, खुर्ची, कागद, बिलं सगळं पाहिलेलं असतं. आमच्या संघटनेतल्या चांगल्या बोलणाऱ्या बायका मात्र पंचायतीत गेल्या आणि संघटना रिकामी झाली. मी तेव्हा त्यांच्यावर रागावले होते. आज वाटतं, त्यांना दुसरं कुठलं दार उघडं होतं?

भाषेचं सांगितल्याशिवाय सीमाभागातलं बायकांचं राजकारण पुरं होत नाही. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन होतं, त्यात १९५६ साली निपाणीत गेलेल्या कमळाबाई मोहिते आहेत. पुढं साराबंदीच्या सत्याग्रहात, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात बायका होत्या, तुरुंगात गेल्या, घरं सांभाळली. पण महाराष्ट्र एकीकरण समितीच्या राजकारणात बाई बहुतेक वेळा मोर्चाची पहिली रांग झाली आणि उमेदवारांच्या यादीत शेवटची. मातृभाषा म्हणताना 'मातृ' शब्दाचा केवढा गजर, आणि त्या मातेला विचारलं किती? हे मी मराठीच्या बाजूनं उभी राहून बोलते आहे. कारण बाईसाठी भाषेचा प्रश्न फार खरा आहे. नवऱ्यानं मारलं म्हणून ठाण्यात गेलेली खानापूरकडची बाई. तिची तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते, तिला वाचून दाखवली जात नाही, आणि तिचा अंगठा घेतला जातो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळावेत असं केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेलं आहे. ही मागणी सभेत सीमाप्रश्न म्हणून होते. ती मारहाणीच्या तक्रारीसाठी, कर्जाच्या कागदासाठी आणि दवाखान्यातल्या संमतीपत्रासाठी व्हायला हवी होती. आमच्या बैठकींत आम्ही घोषणा दोन्ही भाषांत दिल्या, कारण वखारीत, देवळात आणि रोजगार हमीच्या कामावर मराठी आणि कन्नड बाई शेजारी शेजारीच होती. त्याबद्दल दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची बोलणी खाल्ली.

आता तुझ्या आईकडं येते. कर्नाटकात स्त्रीशक्ती योजना २००० मध्ये आली आणि गावोगाव संघ झाले. मी त्याच्या विरोधात बोलले होते. म्हटलं होतं, बायकांना कर्जदार करून टाकतील. माझं अर्धं चुकलं. ज्या बाईला पेठेत जायला नवऱ्याची परवानगी लागायची ती बँकेत जाऊन मॅनेजरसमोर बसली. घरात पैशाची गोष्ट निघाली की तिचं ऐकू लागले. हे कोणत्याही मोर्चानं इतक्या गावांत केलं नव्हतं.

पण अर्धं बरोबरही निघालं. बैठकीत पूर्वी एक तास बोलणं व्हायचं, आता पंधरा मिनिटांत वही मिटते: हजेरी, बचत, हप्ता, दंड. मग खाजगी कर्ज कंपन्या आल्या. ठरलेल्या दिवशी सकाळी एका अंगणात बसायचं, एकीनं हप्ता बुडवला तर बाकीच्यांनी भरायचा. एकीसाठी सगळ्यांनी उभं राहायचं, हे तुझ्या आजीच्या मोर्चात ताकद होती. इथं तीच गोष्ट वसुलीचं हत्यार झाली. पूर्वी मालकाच्या दारात जाणाऱ्या बायका आता शेजारणीच्या दारात बसल्या, ती घर सोडून पळून जाऊ नये म्हणून. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. चाळीस वर्षांत इतकं वाईट मला दुसरं काही वाटलेलं नाही. एकीच्या नावावर कर्ज आणि पैसे तिसऱ्याच्याच हातात, असेही प्रकार झाले. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारला सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. ही बातमी अर्थकारणाच्या पानावर छापली गेली. माझ्या मते सीमाभागातल्या बायकांच्या राजकारणाची ती गेल्या वीस वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी होती.

पक्षाच्या मेळाव्याबद्दल तुला लाज वाटते आहे असं तुझ्या प्रश्नावरून दिसतं. लाज वाटायचं कारण नाही. बेळगाव जिल्ह्यानं बायकांना सत्तेत पाठवलं आहे. १९९६ मध्ये चिकोडीतून रत्नमाला सवणूर खासदार झाल्या. २०१३ पासून निपाणीत शशिकला जोल्ले निवडून येतात, २०१८ पासून बेळगाव ग्रामीणमध्ये लक्ष्मी हेब्बाळकर. दोघी वेगवेगळ्या पक्षांच्या, आणि दोघींनी राज्याचं महिला व बालकल्याण खातं सांभाळलं. दोघींची घराघरातली ताकद बायकांच्या गटांवर उभी आहे. बेळगाव महापालिकेत २०२१ पर्यंत निवडणूक भाषेवर व्हायची, त्या साली पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हांवर झाली. त्या बदलात बायकांच्या गटांचा वाटा होता, आणि अभ्यासकांनी तो फारसा मोजलेला नाही. २०२३ पासून राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये आणि शक्ती योजनेचा मोफत प्रवास आला. माहेरी जायला, दवाखान्यात जायला, कोर्टाच्या तारखेला जायला बाईला आता कुणाकडं हात पसरावा लागत नाही. ज्यांनी कधी बसच्या तिकिटासाठी घरात वाद घातलेला नाही, त्यांनी या पैशाला लाच म्हणू नये.

मला खटकतं ते दुसरं आहे. हळदीकुंकू. वखारीच्या बैठकीत पहिल्या रांगेत विधवा असायच्या, कारण त्यांनाच मजुरीवर घर चालवायचं होतं. नवऱ्यानं सोडलेल्या बायका, जोगतिणी, सगळ्या तिथं होत्या. पक्षानं बायकांना बोलवायचं निमित्त म्हणून हळदीकुंकू धरलं, त्या क्षणी या सगळ्या अंगणाबाहेर गेल्या. कुणी त्यांना हाकललं नाही. त्या आपणहून आल्या नाहीत. बायकांच्या संख्येवर चालणारं राजकारण सवाष्णींचं झालं, आणि जिला मागण्याची सगळ्यात जास्त गरज आहे ती मोजणीतून गळली. तुझ्या आईच्या संघातल्या किती विधवा त्या ट्रॉलीत होत्या, एवढं तिला विचार.

आणि चळवळ बघायचीच असेल तर डिसेंबरमध्ये, विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधजवळच्या आंदोलनाच्या मैदानात जाऊन बस. अंगणवाडीच्या ताई, आशा, मध्यान्ह आहाराच्या बायका थंडीत सतरंज्या टाकून बसलेल्या दिसतील. त्यांची मागणी ऐक: आम्हाला मानधन नको, पगार द्या, आम्हाला कामगार म्हणा. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. तुझ्या आजीनं वखारीच्या दारात हेच मागितलं होतं. मालकाच्या जागी सरकार आलं आहे. आणि तिथं माइक बायकांच्या हातात असतो. कन्नडमध्ये एक बोलते, मग मराठीत दुसरी.

खानापूरच्या जंगलपट्टीत रोजगार हमीवरच्या बायकांनीही सरकारकडं असंच मागून दाखवलं. काम मागायचा नमुना ६ भरायचा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय पंचायतीची पायरी उतरायची नाही, कारण पोच नसेल तर पंधरा दिवसांनंतरचा बेकारी भत्ता मागता यायचा नाही. ज्या बाईनं आयुष्यात सही केली नव्हती ती पोच मागत होती.

तुझ्या अभ्यासासाठी एक काम सांगते. आजीकडं जुनी हजेरीची चिठ्ठी, संघाची पावती, काही असेल तर जपून ठेव, आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिही. मग आईच्या संघाची ठराव वही काढ, नडावळी म्हणतात ती. पहिल्या पानापासून वाच आणि हप्त्याखेरीज दुसरं काही लिहिलेलं कुठं सापडतं ते बघ. मी खानापूर तालुक्यातल्या एका संघाची वही अशी वाचली आहे. २००७ मध्ये राज्यात सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, त्याच्या दोन वर्षांनंतरचं पान होतं. वर बचतीचे आकडे, खाली बचतीचे आकडे, आणि मध्ये मोडक्या अक्षरात एक ओळ: किराणा दुकानात दारूच्या बाटल्या विकतात, सोमवारी सगळ्यांनी जायचं. खाली चौदा सह्या आणि तीन अंगठे. पुढच्या आठवड्याच्या पानावर हजेरी पूर्ण आहे, आणि दंडाच्या रकान्यात कुणाचंही नाव नाही.